बारा नंबरच्या बाटलीचे मूळ

सुगंधाविषयी माझे मत विचारायला कुणी लोणी काळभोरहून नारायण पेठेत येईल, असे मला वाटले नव्हते. मत मात्र तयार होते. आमच्या पेठेत मत आधी तयार असते. विषय मागाहून, आपल्या सवडीने येतो.

आलेली स्त्री माझी जुनी विद्यार्थिनी होती. तीस वर्षे मी महाविद्यालयात कविता शिकवली आणि कवितेतला गंध हा माझा हातखंडा विषय होता. फुलाची ओळ आली की मी क्षणभर डोळे मिटत असे. पुढच्या बाकांवरच्या मुलीही मिटत. मागच्या बाकांवरच्यांचे आधीच मिटलेले असत, पण त्यांचे कारण वाङ्मयीन नव्हते. ही त्या मागच्या बाकांवरची. पहाटे शेतातली गुलछडी तोडायची, ओल्या गोणपाटात बांधून फुलबाजाराच्या टेम्पोत चढवायची आणि मग पहिली बस पकडून वर्गात यायचे, असा तिचा दिवस. एकदा तिच्या बाकाजवळून जाताना मी तिला सांगितले होते की वर्गात इतके भडक अत्तर लावून येऊ नये. ती उभी राहिली, ‘हो मॅडम’ म्हणाली आणि बसली. त्याच तासाला मी निशिगंधावर पाऊण तास बोलले होते. बाजार ज्याला गुलछडी म्हणतो तो निशिगंधच, हे मला ठाऊक होते. पुस्तकातून ठाऊक होते.

आता ती चाळिशीला टेकली होती आणि तिचा स्वतःचा धंदा होता. परदेशातल्या नावाजलेल्या अत्तरांसारखा वास देणारी तयार तेले मागवायची, मद्यार्कात मिसळायची, काळोखात महिनाभर मुरवायची, गाळायची आणि लहान बाटल्यांत भरायची. या मालाला ‘प्रेरित सुगंध’ म्हणतात. तरुण मंडळी ‘इन्स्पायर्ड’ म्हणतात. चोरीला इतका नीटनेटका पोशाख मी साहित्यातसुद्धा क्वचितच पाहिला आहे, आणि साहित्यात मी पुष्कळ पाहिला आहे.

तिच्याकडे अकरा बाटल्या होत्या, एक ते अकरा नंबरांच्या. मूळ अत्तराचे नाव छापायची सोय नव्हती. म्हणून प्रत्येक बाटलीला चार ओळींचे वर्णन हवे होते, असे की जाणणाऱ्याला मूळ कळावे आणि वकिलाला कळू नये. अशा ओळी कोण लिहिणार, तर कवितेच्या मॅडम. मी शोभेल इतका वेळ विचार केला आणि होकार दिला. एक अट मात्र घातली: मूळ हुंगल्याशिवाय मी नकलेवर एक अक्षर लिहिणार नाही. ती म्हणाली, मुळांचे नमुने तिच्याकडे बोटभर कुप्यांत आहेत. मॅडमनी लोणीला यावे, दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.

मूळ आणि नक्कल यांतला फरक मी किती कळकळीने मानते, हे इथे सांगायला हवे. माझी नणंद परदेशात असते आणि दर खेपेला एक अस्सल बाटली आणते. आजवर सात झाल्या. सातही बाटल्या खोक्यासकट लोखंडी कपाटात, शालींच्या मागे, कापराच्या वड्यांशेजारी आहेत. चांगल्या प्रसंगासाठी ठेवल्या आहेत. घरात मुंजी झाल्या, साखरपुडे झाले, एक लग्न झाले. पण इतका चांगला प्रसंग कुठलाच निघाला नाही. मधल्या काळात पहिल्या दोन बाटल्यांतले अत्तर काकवीच्या रंगाचे झाले. रोजच्या वापराला मी बुधवार पेठेतून, वायरी आणि स्पीकरच्या दुकानांमागच्या एका बोळातून, नक्कल आणते. ती सकाळी लावली की मंडईपर्यंत साथ देते. परत येताना आपण एकटेच असतो. तरीही पाहुण्यांपुढे मी मुळाविषयी बोलते. देव देव्हाऱ्यात असतो आणि संसार नवऱ्याशी करायचा असतो, त्यातलाच हा प्रकार.

तर मी लोणीला गेले. सोलापूर रस्त्याच्या बसमध्ये दीड तास डिझेल, घाम आणि शेजारणीच्या पिशवीतली मेथी यांचे मिश्रण हुंगत गेले. त्याला कुणी अजून नंबर दिलेला नाही.

तिचे घर रस्त्यापासून आत, उसाच्या आणि गुलछडीच्या मधे होते. गोठ्याला लागून दोन खोल्यांत कारखाना होता. लोखंडी मांडण्यांवर तपकिरी बाटल्या, एक वजनकाटा, गाळणीचे कागद. तिची आई ओसरीवर फुलांच्या छड्या निवडत बसली होती. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि ‘बाई आल्या’ एवढेच आत ओरडून सांगितले.

विद्यार्थिनीने टेबलावर स्टीलची थाळी ठेवली आणि त्यात कागदाच्या पट्ट्या मांडल्या. एक ते सात नंबर आम्ही गंभीरपणे पार पाडले. आठवा नंबर निशिगंधाचा होता. परदेशात कुणी एका तज्ज्ञाने हे फूल पुरते जिंकून बाटलीत बसवले आहे, अशी त्याची ख्याती. आठव्याला तिने दोन पट्ट्या दिल्या आणि यातली मुळाची कुठली, तिची कुठली, ते सांगितले नाही. मॅडमनीच ओळखावी म्हणाली.

मी डोळे मिटले. पहिल्या पट्टीत मला घराणे दिसले. एक थंड, संगमरवरी सभ्यता. दुधाळ पाकळीवर पडलेला तिऱ्हाईत प्रकाश. दुसरी पट्टी त्या मानाने अडखळत होती, धापा टाकत मागून येत होती. मी डोळे उघडून निकाल दिला: पहिली मूळ, दुसरी लोणी. ती ‘बरं मॅडम’ म्हणाली. बऱ्याच दिवसांनी, मी फारच आग्रह केला तेव्हा, तिने सांगितले की उलटे होते. पण तो या हकिकतीतला माझा लहान पराक्रम आहे.

थाळीच्या कडेला तिसरी पट्टी होती. ती मला देत नव्हती. मीच बोट दाखवले. तिने ती पुढे केली आणि उगाच मांडणीवरच्या बाटल्या सरळ करू लागली. मी हुंगले. परीक्षक एकदा रंगात आला की त्याला थांबवणे कठीण असते.

“ही कशाची नक्कल, ते तरी सांग,” मी म्हणाले. “हिच्यात तूप आहे, ओलं गोणपाट आहे, गोठ्याच्या बाजूची हवा आहे. ही नकलेची नक्कल झाली. मूळ करणाऱ्याला दाखवलीस तर बिचारा धंदा सोडेल.”

ती हसली. शिक्षकाने विनोद केला की विद्यार्थी हसतो, तसे.

“अगदीच नको का, मॅडम?”

“हिला बारा नंबर देऊ नकोस. अकरावर थांब.”

तिने पट्टी उचलली, दुमडली आणि पदराच्या गाठीशी खोचली. मग हेल्मेट आणि स्कूटरची किल्ली शोधायला घरात गेली, कारण मला बसथांब्यावर सोडायचे होते. मी ओसरीवर आले. तिच्या आईने मला चहा दिला आणि छड्या निवडता निवडता विचारले, “पोरीनं दावलं न्हवं? कसं हाय?”

मी म्हटले, सगळेच छान आहे.

“समदं न्हाई म्हनत मी. ते अकरा बाहेरचं हाय, तेल येतं डब्यानं. बारावं तिचं हाय. आमच्या फुलाचं. काचंवर तूप लावती आन् त्यावर रोज ताजी फुलं मांडती. दोन म्हयने, वास तुपात उतरस्तवर. मी म्हनलं, अगं खायाचं तूप हाय. तर म्हनली, बाईंना दावायचं हाय.”

आत डबे हलवल्याचा आवाज येत होता. मी चहाचा घोट घेतला. 

“मग?” आई म्हणाली. “ते कसं हाय?”

“छान आहे,” मी म्हणाले.

“मग बरं झालं. तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं तिला. बाई म्हनल्या तरच काढीन म्हनत हुती.”

याहून स्पष्ट कुणी काही सांगू शकले नसते. त्या खोलीत एकच गोष्ट अशी होती की जी कशासारखीही नव्हती, आणि मी तिलाच नक्कल ठरवले होते. नाक माझे बरोबर होते: तूप होते, गोणपाट होते, गोठाही होता. त्यावर बसलेली विद्वत्ता तेवढी मुळाशिवाय वास घ्यायला शिकलेली नव्हती. समोर ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीला ‘ही कशावरून?’ असे विचारायची सवय मला इतकी जडली आहे की एखादी गोष्ट ‘माझ्यावरूनच’ म्हणाली तर मला ते उद्धटपणाचे वाटते.

परत फिरून आत जायचे आणि तिला सांगायचे, इतकेच करायचे होते. मी केले नाही. ती स्कूटर घेऊन आली, मी मागे बसले. शब्दांवर तीस वर्षे पोसलेल्या बाईला घरापासून हमरस्त्यापर्यंत एक शब्द सापडला नाही. तिला सापडत होते. ती उसाच्या ट्रॅक्टरांविषयी बोलली, रस्त्याच्या रुंदीकरणाविषयी बोलली आणि थांबा आल्यावर वर्णने कधीपर्यंत पाठवाल, असे विचारले. मी आठ दिवसांत म्हटले. पदराला खोचलेल्या पट्टीकडे आम्ही दोघींनी पाहिले नाही.

आठ दिवसांत मी अकरा वर्णने लिहिली आणि ती उत्तम उतरली, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. खोटे लिहिताना माझी लेखणी नेहमीच मोकळी होते. तीन नंबरमध्ये मी ‘ग्रंथालयाच्या खिडकीतून येणारी हिमगंधी दुपार’ घातली. बर्फाला मी आयुष्यात कधी हात लावलेला नाही, शीतकपाट साफ करताना लावला तेवढाच. आठ नंबरमध्ये संगमरवर घातला. वर्णने पाठवली आणि फोनवर, अगदी सहज विचारल्यासारखे, बाराव्याचे काय झाले म्हणून विचारले.

“ते बंद केलं मॅडम. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं.”

मी बरोबर असल्याचे ऐकून मला इतके वाईट पहिल्यांदाच वाटले. एरवी ते माझे आवडते वाक्य आहे.

दुसऱ्या दिवशी न कळवता लोणीला गेले. ओसरीसमोर भिंतीला टेकवून चौकोनी काचा ओळीने उभ्या होत्या, साबणाने घासलेल्या, उन्हात लखलखणाऱ्या. त्यांच्यावर वासाचा लवलेश नव्हता. भांड्यांच्या साबणातले खोटे लिंबू तेवढे होते. ती आत बाटल्या भरत होती. मी दारातच उभी राहून सांगितले की मी चुकले. बसायला खुर्ची दिली तरी बसले नाही. बसले असते तर भाषण झाले असते.

तिने बाटली भरली, टोपण दाबले, पुसली.

“मॅडम, आईनं तुम्हाला सांगितलं ना, ते माझं आहे म्हणून?”

मी हो म्हटले.

“मग तेव्हाचं खरं धरू की आत्ताचं? तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं.”

हा प्रश्न तिने वर्गात कधी विचारला असता तर मी तिला पुढच्या बाकावर बसवले असते.  तिची आई उठून आत गेली आणि धान्याच्या कणगीमागून एक लहान तपकिरी बाटली घेऊन आली. वतून दे म्हनली हुती, मी न्हाई वतलं, असे तिने लेकीकडे न पाहता मला सांगितले. तूप गेलेले, ते फुकट घालवायचे नव्हते. मुळांची कदर म्हणतात ती बहुधा अशी असते, आणि अशा आईला कुणी अजून व्याख्यानाला बोलावलेले नाही.

मी मनगटावर थेंब घेतला. या खेपेला डोळे मिटले नाहीत. आधी छड्या मोडल्यावर येतो तो हिरवा, किंचित कडू वास आला. मग फूल आले, पण संगमरवरावरचे नव्हे. गोणपाटात दाबलेले, स्वतःच्याच उबेने गुदमरलेले, टेम्पोच्या फाळक्याला टेकून अंधारात हेलकावे खाणारे. त्याखाली तुपाची गोलाई. आणि सगळ्यात तळाशी काहीतरी जनावराचे, दूधदुभत्याचे, निर्लज्जपणे जिवंत असे. निशिगंधावर मी इतकी वर्षे बोलले. त्याचे घर कसे असते, हे मी कधी विचारलेच नव्हते.

“नाक दोन्ही वेळा तेच आहे,” मी तिला म्हणाले. “तेव्हा जे जे सांगितलं ते सगळं यात आहे. तेव्हा मी ते तक्रार म्हणून सांगितलं.”

“आणि आता काय म्हणून सांगताय?”

“पत्ता म्हणून.”

 मग पदराने हात पुसत तिने माझ्यासमोर अशी अडचण ठेवली की मला खुर्चीवर बसावेच लागले. तिचे म्हणणे असे: समजा काढले. प्रदर्शनात टेबल लावले की गिऱ्हाईक पहिला प्रश्न एकच विचारते, हे कशाची कॉपी आहे. परदेशी नाव कानात सांगितले की चेहरा उजळतो, बाटली पिशवीत जाते. कशाचीच नाही, आमच्या लोणीचे आहे, असे सांगितले तर लोक बाटली अशी खाली ठेवतील की जणू तिला काही झाले आहे. त्यांना कॉपी हवी असते कारण तिला मूळ असते. हिला मूळ नाही.

आता प्रायश्चित्ताला इतकी चांगली संधी आली होती की मी तिथेच माती खाल्ली. मौलिकतेवर तीन दशके व्याख्याने दिलेल्या मॅडमनी सुचवले की मग मूळ तयार करू. माझ्या शबनममधून कागद काढून मी तिथेच लिहिले: ‘एका जुन्या बंदरनगरीतील छोट्या सुगंधगृहाने मोजक्या रसिकांसाठी घडविलेल्या, आता दुष्प्राप्य अशा निशिगंधावरून प्रेरित.’

तिने ते दोनदा वाचले.

“असं आहे का कुठे, मॅडम?”

“नाही. म्हणूनच कुणी ताडून पाहणार नाही.”

तिला ते आवडले नाही, हे तिच्या मानेवरून कळत होते. पण दिवाळीआधीच्या प्रदर्शनाला जेमतेम तीन महिने उरले होते, काचांवर पुन्हा तूप लावायचे म्हणजे फुलांचा पुन्हा तितका माल लागणार होता आणि त्या दिवसांत बाजारात फुलाला भाव असतो. तिने आईकडे पाहिले. आई म्हणाली, “ठिवा फुलं. बाजार काय पळून जातोय व्हय.” तसे ठरले. अशा रीतीने पुण्याच्या पूर्वेला एक अस्सल अत्तर जन्माला आले, आणि त्याच्या जन्मदाखल्यावर बापाचे नाव मी खोटे लिहिले.

प्रदर्शन आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका मंगल कार्यालयात होते. दारातून आत शिरताच भाजणी, उटणे आणि खळ घातलेल्या नव्या सुताचा वास अंगावर येत होता. तिचे टेबल कोपऱ्यात, लोणच्यांच्या शेजारी. वाईट जागा, कारण कैरीच्या फोडीपुढे परदेशी सुगंध टिकत नाहीत. वर्णने मी सुवाच्य अक्षरांत लिहून बाटल्यांमागच्या पुठ्ठ्यावर चिकटवली होती. मी टेबलामागे बसले. मॅडम बसल्या तर लोकांना विश्वास वाटेल, असे तिचे म्हणणे. तिच्या आईला घरी फुले होती.

दुपारपर्यंत पाच, आठ आणि नऊ नंबर चांगले गेले. बारा नंबर लोक हुंगत, पुठ्ठा वाचत, मान हलवत आणि पाच नंबर घेऊन जात. मग एक बाई आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, गळ्यात साखळीला चष्मा, हातात कापडी पिशवी. त्यांनी चष्मा लावला आणि माझी बाराही वर्णने मुद्रिते तपासावीत तशी वाचली. एका ठिकाणी त्यांची भुवई थांबली. तिथे मी ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा पाहून घेतले, बरोबर होते. मग त्यांनी बारा नंबर मनगटाच्या मागच्या बाजूला, हळदीकुंकवाला लावतात तसे लावून घेतले, हुंगले आणि थोड्या वेळाने पुन्हा हुंगले.

“हं,” त्या म्हणाल्या. “बरं आहे. पण मुळाची सर नाही.”

माझ्या विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिले. मी लोणच्यांकडे पाहिले.

“तुम्ही मूळ वापरलंय का, काकू?” तिने विचारले.

वापरले म्हणजे काय, त्यांची धाकटी सून आणत असे. आता मिळत नाही, तुम्ही इथे लिहिलेच आहे. त्यात खोली होती, एक प्रकारची समुद्राची खारी हवा होती. हे जरा जमिनीवर आहे. नक्कल ती नक्कलच, त्यात तुमचा दोष नाही, असेही त्यांनी समजुतीने सांगितले.

जे कधी नव्हतेच त्याची आठवण इतकी बारकाईने सांगणाऱ्या त्या बाईंविषयी मला आदर वाटला. माझ्या वर्गात त्या पहिल्या आल्या असत्या. मी मान डोलावून विषय मिटवणार होते. गिऱ्हाईक खूश होते, पिशवीचे तोंड उघडे होते, आणखी एका वाक्यात बाटली गेली असती. पण माझी विद्यार्थिनी खुर्चीवरून उठून उभी राहिली. वर्गात राहत असे तशीच, हात टेबलाच्या कडेला टेकून.

“मूळ हेच आहे, काकू,” ती म्हणाली. “मी केलंय. आमच्या लोणीच्या गुलछडीचं. बाहेर असं काही नाही.”

बाईंनी चष्म्यातून पुठ्ठा पाहिला, चष्म्यावरून तिला पाहिले.

“मग इथं हे बंदराचं काय लिहिलंय?”

“ते खोटं आहे.”

“कुणी लिहिलं?”

तिने माझे नाव घेतले नाही. नुसती गप्प राहिली, आणि ती गप्प राहिल्यामुळे बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, मी लिहिले.

“का?”

असा एकाक्षरी प्रश्न विचारण्याची कला आमच्याकडे घरोघर आहे, पण त्याचे उत्तर देण्याची शिकवणी कुठेच मिळत नाही. मी काही बोलायच्या आत त्या पुन्हा तिच्याकडे वळल्या. म्हणजे हे तुम्ही तुमच्या मनानेच केले, कुणा जाणकाराला दाखवलेसुद्धा नाही का, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, मॅडमना दाखवले होते.

“मग? काय म्हणाल्या मॅडम?”

माझ्या विद्यार्थिनीने तोंड उघडले. ती माझ्यासाठी काहीतरी बरेसे सांगणार होती, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसले. लोणच्याची बाई बरणी पुसायची थांबली होती.

“मी म्हणाले, नकलेची नक्कल आहे,” मी सांगितले. “बंद कर म्हणाले. मला तेव्हा कळलं नाही.”

“अस्सं.” बाईंनी मनगट नाकाशी नेले. या खेपेला त्यांनी बराच वेळ घेतला. “आणि तरी केलंत तुम्ही.”

“आधी बंद केलं होतं,” ती म्हणाली. “काचापण धुतल्या होत्या.”

“मग?”

“आईनं थोडं ठेवलं होतं.”

बाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते सांगता येणार नाही. आमच्याकडे दोन्हींना एकच मान वापरतात. यात तूप आहे का, असे त्यांनी विचारले. आहे, असे तिने सांगितले. आणि ओल्या पोत्यासारखे काही? तेही आहे, फुले पोत्यातच बांधतो, तो वास यात यावा म्हणून वाळ्याचा अर्क घातला आहे. समुद्राविषयी बाई पुन्हा काही बोलल्या नाहीत.

“लहान बाटली आहे का?”

“आहे काकू.”

“मग लहानच द्या. न आवडलं तर नको उगाच.” त्यांनी बाटली रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली, पैसे सुटे दिले आणि जाता जाता चष्मा काढत पुठ्ठ्याकडे बोट केले. “आणि ते काढून टाका. चांगल्या घरच्या दिसता.”

हे शेवटचे कुणाला उद्देशून होते, ते मी विचारले नाही. माझ्या विद्यार्थिनीने कोऱ्या कागदाची पट्टी फाडली, पेन उघडले आणि त्यावर काय लिहायचे याचा विचार करत उभी राहिली. मला तिने विचारले नाही, आणि मी सुचवले नाही; दोन्ही गोष्टी तिच्या-माझ्या ओळखीत नव्या होत्या. मी पुठ्ठ्याकडे वळून बंदरनगरीचे वर्णन काढू लागले. चिकटपट्टी मी चारही कडांनी, हवा शिरणार नाही अशी लावली होती. ती निघता निघेना; सुगंधगृह निघाले, मोजके रसिक निघाले, पण ‘दुष्प्राप्य’ पुठ्ठ्याला धरून राहिले. ते मी नखाने खरवडत बसले, आणि ती पलीकडे, आपल्या अक्षरात, सावकाश लिहीत होती.